गरम जॅकेट, गरम ग्लोव्हज आणि 375 वॅट: दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

गाडी सुझुकी व्ही-स्ट्रॉम 650 ही मोटरसायकल, पहिल्या पिढीतली. राहायला शेफिल्डला, नोकरी मँचेस्टरच्या बाजूला, आणि मधे ए57 रस्त्यावरचा स्नेक पास हा घाट. माथ्याची उंची जेमतेम 510 मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्मीही नाही. पण जानेवारीच्या सकाळी तिथला वारा हाडापर्यंत जातो. पारा 2 अंशांवर असला आणि ताशी 80 किलोमीटरचा वारा अंगावर घेतला, की शरीराला ते उणे 7 सारखं लागतं. अशा रस्त्यावर रोज जायचं तर कपड्यांचे थर वाढवून एका मर्यादेपलीकडे भागत नाही. म्हणून 12 व्होल्टवर चालणारं जॅकेट-लाइनर (77 वॅट) आणि ग्लोव्हज (जोडीचे 27 वॅट) घेतले. हँडलला गरम ग्रिप्स आधीपासून होत्या, त्या पूर्ण ठेवल्या तर 45 वॅटच्या आसपास ओढतात.

ऊब किती मिळते याबद्दल फार लिहीत नाही. भरपूर मिळते. लिहायचंय ते गाडीच्या विजेबद्दल, कारण ही वस्तू विकताना त्याबद्दल कोणी बोलत नाही.

या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं जनित्र, साधारण 375 वॅटचा, आणि तेही 5000 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). गाडीचा स्वतःचा खर्च बघा: समोर दोन एच4 बल्ब, दोन्ही लो बीमला कायम चालू, म्हणजे 110 वॅट तिथेच गेले. फ्युएल पंप, इंजेक्टर, कॉइल, ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांचे माझ्या अंदाजाने शंभरेक. मागचा दिवा आणि मीटरचे दहा-पंधरा. हातात उरतात दीडशे वॅट. माझं जॅकेट, ग्लोव्हज आणि ग्रिप्स मिळून होतात 149. कागदावर हिशोब काठोकाठ जुळतो. पण सहाव्या गिअरमध्ये ताशी 80 ने जाताना इंजिन 4000 च्याही खाली फिरत असतं, आणि सिग्नलला 1300 वर. तिथे हा हिशोब उरत नाही, तूट बॅटरी भरून काढते. बॅटरी वायटीएक्स12, म्हणजे 10 अँपिअर-अवरची. पाच अँपिअरची तूट पाव तास राहिली तर सव्वा अँपिअर-अवर गेले, आणि थंडीत बॅटरीची ताकद मुळातच कमी झालेली असते. संध्याकाळी सेल्फ कुरकुरतो तो इथून.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो की गरम कपडे लावले की अल्टरनेटरवर ताण येतो आणि तो जळतो. या गाडीत शंट प्रकारचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) आहे. अल्टरनेटर त्या आरपीएमला जेवढी वीज बनवायची तेवढी बनवतोच, आणि आपण न वापरलेली वीज रेग्युलेटर शॉर्ट करून उष्णतेत घालवतो. म्हणजे जी वीज वाया जात होती तीच आपण अंगावर घेतो, आणि रेग्युलेटर उलट थोडा गार राहतो. धोका अल्टरनेटर जळण्याचा नाही, बॅटरी हळूहळू बसण्याचा आहे. सिरीज रेग्युलेटर (नको असलेली वीज शॉर्ट न करता तोडणारा) असलेल्या गाड्यांना हे लागू नाही, तिथे लोड वाढला की स्टेटर, म्हणजे अल्टरनेटरची तारांची गुंडाळी, खरंच जास्त काम करतो.

सगळ्या सामानातली सर्वांत मोलाची वस्तू कुठली, तर हँडलवर लावलेला छोटा डिजिटल व्होल्टमीटर. किंमत जॅकेटच्या तुलनेत काहीच नाही. त्याच्या वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर नेल्या आहेत, कारण मधल्या कुठल्या वायरवरून घेतलं तर आकडा अर्धा-पाऊण व्होल्टने कमी दिसू शकतो. 4000 आरपीएमला काहीही न लावता 14.2 दिसतात. जॅकेट आणि ग्लोव्हज पूर्ण केले की 13.8. त्यावर ग्रिप्सही पूर्ण केल्या की 13.2. आता घाट उतरून ग्लॉसपमध्ये शिरतो, सिग्नल लाल असतो, रांग लांब असते. थ्रॉटल सोडला की आकडा भराभर घसरतो: 13.1, 12.7, मग 12.3 वर स्थिरावतो. तेवढ्यात रेडिएटरचा पंखा लागला तर 12 च्या खाली. 12.8 च्या खाली आकडा आला म्हणजे बॅटरी भरत नाही, रिकामी होते आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. जॅकेटची ऊब कमी-जास्त करणारा कंट्रोलर वीज सलग कमी न करता चालू-बंद ठोक्यांनी देतो, त्यामुळे मधल्या सेटिंगला मीटरचा आकडा थोडा उड्या मारतो. तो बिघाड नव्हे.

माझा क्रम आता ठरून गेला आहे. गावाच्या हद्दीत शिरलो की आधी ग्रिप्स बंद. मग जॅकेट निम्म्यावर. ग्लोव्हजना शेवटपर्यंत हात लावत नाही, त्यांचे वॅटच इतके कमी की बंद करून फार काही वाचत नाही. आणि घाट चढताना सहाव्यात न रेंगाळता पाचव्यात किंवा चौथ्यात राहतो, आरपीएम 4500 च्या वर. पेट्रोल किंचित जास्त जातं, ते मला चालतं.

दोनच गोष्टींचे पैसे असतील तर आधी जॅकेट घ्या, ग्लोव्हज नंतर. बोटं गार पडतात याचं मूळ छातीत असतं. धड गार पडलं की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडून घेतं, आणि मग कितीही जाड ग्लोव्हज घाला, उपयोग नाही. जॅकेट चालू असलं की साध्या हिवाळी ग्लोव्हजमध्येही बोटं बराच वेळ टिकतात. लाइनर मात्र अंगासरशी बसणारा हवा, आत फक्त एक पातळ बनियन किंवा थर्मल. मधे हवेची पोकळी राहिली तर वीज तेवढीच जाते आणि ऊब निम्मी लागते. उघड्या कातडीवर मात्र कधीच घालू नका, मंद आचेनेही चट्टे उठतात.

वायरिंगबद्दल जरा सविस्तर, कारण खरी कटकट इथे असते. जॅकेटची वायर थेट बॅटरीला जोडून देण्याची पद्धत आहे, सोबत फ्यूज असतो. चालतं, पण जॅकेट जोडलेलं राहून कंट्रोलर बंद करायचा राहिला तर बॅटरी रिकामी. मी मधे रिले (इशारा मिळाला की वीज जोडणारा स्विच) घातला, आणि रिलेला इशारा मागच्या दिव्याच्या वायरवरून दिला. किल्ली बंद, की सगळं बंद. जॅकेट आणि ग्लोव्हज मिळून पावणेआठ अँपिअरच्या आसपास जातात, त्यासाठी 15 अँपिअरचा फ्यूज आणि 2.5 स्क्वेअर एमएमची वायर. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वायरीच्या दुसऱ्या टोकाला नाही.

इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ कनेक्टरमध्ये शिरून पितळेवर हिरवं चढतं. हिरवं चढलेला प्लग प्रवाह अडवतो आणि तापतो. मुक्कामी पोचल्यावर मी ग्लोव्ह काढून प्लग चिमटीत धरून बघतो. कोमट लागला तर साफ करायची वेळ झाली. डायलेक्ट्रिक ग्रीसची (कनेक्टरमध्ये ओल शिरू न देणाऱ्या ग्रीसची) एक ट्यूब हिवाळाभर पुरते. स्टेटरकडून येणाऱ्या तीन वायरींचा कनेक्टरही त्याच वेळी उघडून बघा. प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं तर लगेच बदला, पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका.

टिकाऊपणा: लाइनर पहिल्या दिवसासारखाच आहे. ग्लोव्हजपैकी उजव्याची ऊब दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला गेली, मनगटाजवळची वायर थ्रॉटलच्या हालचालीने सतत वाकते, तिथेच तुटली होती. कंपनीने वॉरंटीत जोडी बदलून दिली, पण हिवाळ्यातले तीन आठवडे त्यात गेले, याचा मला राग आहे. नव्या जोडीत मनगटाशी वायरला थोडी ढिलाई ठेवतो.

नाशिकहून मावसभावाने विचारलं, "दादा, हिवाळ्यात स्पितीला जातोय, हेच जॅकेट माझ्या 350 ला चालेल का?" त्याला सांगितलं, आधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अल्टरनेटरचे वॅट बघ, त्यातून हेडलाइट आणि इंजिनाचा खर्च वजा कर, आणि उरलेल्याच्या पाऊणपटीपेक्षा जास्त लावू नकोस. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, समोरच्या ट्रकमागे तासन्‌तास आयडलिंगला थांबावं लागतं, तिथे पूर्ण वॅट मिळतच नाहीत. त्याच्यासाठी 7.4 व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर चालणारे ग्लोव्हज मला जास्त योग्य वाटतात. फुल सेटिंगला दोन-अडीच तास चालतात, गाडीकडून काहीच घेत नाहीत, आणि मुक्कामी चार्ज होतात. चार्जर विसरू नकोस, एवढं मात्र दोनदा बजावलं.

माझ्यापुरतं बोलायचं तर आता गरम पँटचा मोह आहे. ती 44 वॅटची. सध्याच्या हिशोबात बसत नाही, त्यामुळे ती घ्यायची तर ग्रिप्स कायमच्या बंद ठेवाव्या लागतील. या डिसेंबरात ग्रिप्सशिवाय आठवडाभर चालवून बघतो, मग ठरवेन.