चिपचा फोटो काढायचाय? आधी उजेड कुठून येतो ते बघा

मायक्रोस्कोप घेताना जो तो विचारतो, 'किती पट?' चिपसाठी, म्हणजे आयसीच्या वेष्टनाच्या आत असलेल्या सिलिकॉनच्या उघड्या तुकड्यासाठी, हा प्रश्न दुय्यम आहे. सिलिकॉनमधून दिसणारा प्रकाश आरपार जात नाही आणि चिपचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत असतो. म्हणून उजेड वरून आणि शक्यतो सरळ खाली पडायला हवा. तिरका पडला तर तो तिकडच्या तिकडे परावर्तित होतो आणि चिप काळी दिसते.

या कसोटीवर शाळेतला जीवशास्त्राचा मायक्रोस्कोप पहिल्याच फेरीत बाद होतो, कारण त्याचा दिवा स्लाइडच्या खाली असतो. यूएसबी मायक्रोस्कोपला भिंगाभोवती एलईडींचं कडं असतं. मी हौसेने एक घेतला होता. पहिल्या फोटोत काळपट चौकोन आणि त्यावर आठ पांढरे ठिपके! आयसीच्या वेष्टनावरचे क्रमांक वाचायला आणि सोल्डरिंग तपासायला मात्र तो छान आहे.

खरी चुरस उरलेल्या दोघांत आहे: मेटलर्जिकल मायक्रोस्कोप आणि कॅमेऱ्याला जोडलेलं मायक्रोस्कोपचं भिंग.

मेटलर्जिकल, म्हणजे धातू तपासायच्या, मायक्रोस्कोपमध्ये अर्धपारदर्शक आरसा असतो, त्यामुळे उजेड ऑब्जेक्टिव्हमधूनच (वस्तूकडच्या भिंगातूनच) खाली जातो आणि त्याच वाटेने परत येतो. ऑक्साइडच्या पातळ थरांचे गुलाबी-हिरवे रंग खुलतात आणि ॲल्युमिनियमच्या तारा पांढऱ्याशुभ्र दिसतात. शिवाय याचे ऑब्जेक्टिव्ह काचझाकणाविना बघण्यासाठी बनवलेले असतात. जीवशास्त्राचे बहुतेक ०.१७ मिमी झाकण गृहीत धरतात. १०एक्सला (दहा पट मोठं दाखवणाऱ्याला) त्याने फारसं बिघडत नाही, ४०एक्सला चित्र धूसर होतं. अडचण किमतीची आणि जागेची. वापरलेला मिळाला तर आरसा व दिवा शाबूत आहे ना, ते आधी बघा.

दुसरा मार्ग तुमच्याकडे डीएसएलआर असेल तर. एक्स्टेन्शन ट्यूब (भिंग कॅमेऱ्यापासून लांब धरणारी पोकळ नळी) जोडून पुढे १६० मिमी नळीसाठीचा साधा ४एक्स किंवा १०एक्स ऑब्जेक्टिव्ह लावायचा; ऑब्जेक्टिव्ह 'इन्फिनिटी' प्रकारचा (स्वतः प्रतिमा न जुळवणारा, पुढच्या भिंगाची गरज असलेला) असेल तर २०० मिमी टेलिलेन्सच्या पुढे. भिंग आणि चिप यांच्यामध्ये पातळ काच ४५ अंशांत धरून बाजूने उजेड टाकला की घरगुती अर्धपारदर्शक आरसा तयार! ४एक्सखाली काच आरामात बसते, १०एक्सखाली कसरत होते. डीएसएलआरच्या छोट्या (एपीएस-सी) सेन्सरवर ४एक्सला सुमारे साडेपाच मिलिमीटर रुंदी मावते, म्हणजे ५५५ टायमरसारखी चिप एकाच फ्रेममध्ये येते. त्रास कंपनांचा. बाहेरून ट्रक गेला की फोटो हललाच. लाइव्ह व्ह्यू आणि सेल्फ टायमर वापरा.

तपशिलाचं म्हणाल तर ०.२५ एनएचा (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचं माप) १०एक्स साधारण १.३ मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा दाखवतो. १९७१ च्या इंटेल ४००४ प्रोसेसरची प्रक्रिया (म्हणजे ढोबळमानाने सर्वांत बारीक रेषेची रुंदी) १० मायक्रॉनची, १९७५ च्या ६५०२ प्रोसेसरची ८ मायक्रॉनची. दोन्हींना तो पुरून उरतो. ६५०२ चे असेच फोटो जोडून ग्रेग जेम्स आणि ब्रायन व बॅरी सिल्व्हरमन यांनी एकेक ट्रान्झिस्टर दाखवणारं सिम्युलेशन उभं केलं. आजच्या मोबाइलच्या प्रोसेसरचे ट्रान्झिस्टर मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान. तिथे दोन्ही पर्याय हात टेकतात.

माझा कौल? कॅमेरा असेल तर आधी ४एक्स आणि काच. आवड टिकली आणि तारा माग काढत वाचाव्याशा वाटू लागल्या, की मेटलर्जिकल. तेव्हा शेजारच्या फ्रेम्स निदान एक तृतीयांश एकमेकींवर येऊ द्या, म्हणजे ह्यूजिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडताना रडावं लागत नाही.

पहिल्या चिपसाठी ॲसिडच्या नादी लागू नका. प्लास्टिकचं वेष्टन विरघळवायला धूर सोडणारं (फ्यूमिंग) नायट्रिक ॲसिड लागतं. ते घरात आणायची वस्तू नव्हे. धातूच्या डबीतला ७४१ (एक जुना ॲम्प्लिफायर आयसी) बारीक करवतीने उघडतो. त्याहून सोपं म्हणजे लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात भंगार बोर्डावर २७१६ सारखा ईप्रॉम (माहिती पुसून पुन्हा भरता येणारी मेमरी चिप) शोधा. अतिनील प्रकाशाने माहिती पुसण्यासाठी ठेवलेली क्वार्ट्‌झची खिडकी आधीच असते. फक्त ४०एक्स लावू नका, फोकस मिळण्याआधीच भिंग खिडकीवर आपटेल.