आतड्याला चिकटलेली डर्मॉइड गाठ : दुर्बीण की पोटावरचा छेद?

अंडाशयातील डर्मॉइड गाठीत केस, चरबी आणि कधी दातही आढळतात. पीळ पडणे ही तिची नेहमीची गुंतागुंत होय. मात्र क्वचित ती फुटून आतड्याला चिकटते, आणि त्याहूनही क्वचित मलाशयात किंवा त्याच्या अलीकडच्या, सिग्मॉइड नावाच्या मोठ्या आतड्याच्या भागात तिची वाट, म्हणजे फिस्टुला, तयार होऊन शौचावाटे केस पडू लागतात.

गाठ सुटी असेल किंवा जरा चिकटलेली असेल, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया उजवी ठरते, कारण वेदना कमी होतात आणि रुग्ण लवकर घरी जाते. आतला चरबीयुक्त द्रव सांडण्याची शक्यता तीत अधिक असते, हे खरे; त्यातून पोटाच्या अस्तराला रासायनिक दाह होऊन आतडी एकमेकांना चिकटू शकतात. परंतु गाठ पिशवीत घालून काढली आणि कोमट सलाइनने पोट भरपूर धुतले, तर असा दाह क्वचितच होतो. म्हणून केवळ त्या भीतीने पोट उघडणे मला पटत नाही.

फिस्टुला असल्यास मात्र पारडे छेदाकडे झुकते. आतड्याचा तुकडा काढून टोके जोडावी लागू शकतात, आणि सुमारे १ ते २ टक्के डर्मॉइड गाठींत होणारा कर्करोग नेमका अशा वेळी मुळाशी असू शकतो, तेव्हा गाठ अखंड निघणे फार मोलाचे असते. अनुभवी हातांना दुर्बिणीनेही हे साधते. त्यासाठी आधी एमआरआय व कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची आतून दुर्बिणीने तपासणी, व्हावी आणि आतड्याचे शल्यचिकित्सक सुरुवातीपासून हजर असावेत.