जुनी ६० मिमीची दुर्बीण: आठ महिन्यांनंतर मत बदललं, एका कड्यामुळे

पाच महिने मी प्रत्येकाला सांगत होतो, जुन्या दुर्बिणीच्या नादी लागू नका. आज ते शब्द मागे घेतो.

माळ्यावर पडून असलेली दुर्बीण: भिंगाचा व्यास ६० मिमी, नाभीय अंतर (भिंगापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं अंतर) ९०० मिमी. मुख्य भिंगावर बुरशी, फोकसरमधलं (चित्र स्पष्ट करायला पुढे-मागे सरकणारा भाग) ग्रीस गोंदासारखं घट्ट. ग्रीस रॉकेलने काढलं, नवं लावलं. नळीच्या आत काळा मखमली कागद चिकटवला. डोळ्याकडची जुनी २४.५ मिमी व्यासाच्या जोडणीची भिंगं, म्हणजे आयपीस, काढून टाकली आणि जोडणी बदलून ३१.७५ मिमीचे दोन साधे प्लॉसल जातीचे आयपीस घेतले, २५ आणि १० मिमी नाभीय अंतराचे. म्हणजे ३६ पट आणि ९० पट. याहून जास्त आयपीस घेऊ नका, पैसे वाया जातात. आयपीसला लावायचा काळा सौर फिल्टर डब्यात होता, तो फोडून टाकला. उन्हाने तापून तो तडकला तर डोळाच जातो.

मुख्य भिंग दोन काचांचं असतं; ते उघडताना दोन्ही काचांच्या कडेवर पेन्सिलने एकच तिरकी रेघ मारली, म्हणजे उलटसुलट बसायला नकोत. दोन काचांमध्ये फट राखणारे वर्खाचे तीन चिमुकले तुकडे जपून ठेवले. बुरशी बरीचशी गेली, एक पुसट डाग राहिला. त्याने काही बिघडत नाही. मग सगळं जागेवर बसवून काचा धरून ठेवणारं पुढचं कडं घट्ट आवळलं. चूक इथे झाली.

त्यानंतर एकही तारा गोल दिसेना. व्याध तर सरळ तिकोनी! ६० मिमीच्या भिंगाने साधारण २ कोनीय सेकंदांवरचे (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जोडतारे वेगळे दाखवायला हवेत, आणि मला मिथुन राशीतल्या कॅस्टर या जोडताऱ्याचे ५ सेकंदांवरचे दोन तारे सुटत नव्हते. मी डायगोनलला (आयपीसआधीचा, प्रकाश वळवणारा आरसा) दोष दिला, बदलला. फोकसरच्या ढिलाईला दिला, आत टेफ्लॉनची पट्टी लावली. शेवटी काचच खराब म्हणून दुर्बीण पुन्हा गुंडाळून ठेवली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नव्हती. संध्याकाळी चित्र बरं असायचं, रात्री गारठा वाढला की बिघडायचं. काच तीच, मग थंडीत असं का? भिंगाभोवतीचं धातूचं घर काचेपेक्षा जास्त आकसतं. आवळलेलं कडं काचेला त्या तीन तुकड्यांवर दाबतं, आणि काच किंचित वाकली तरी ताऱ्याला तीन कोपरे फुटतात. कडं पाव फेरा सैल केलं. भिंग हलकेच हलवलं की अगदी बारीक टकटक ऐकू यावी, इतपतच सैल.

त्याच रात्री कॅस्टर सुटला. दोन टिंबं, मध्ये स्वच्छ काळी फट. फोकसच्या अलीकडे-पलीकडे नेलं तर दोन्हीकडे गोल वर्तुळं. अरुंधतीशेजारचा वसिष्ठ आता ३६ पटीतही दुहेरी दिसतो, आणि मी रोज तो एकदा तरी पाहतो. व्याधाभोवती जांभळी झाक थोडी आहे, पण एफ/१५ला (नाभीय अंतर व्यासाच्या १५ पट) ती खुपत नाही.

तक्रार उरली ती तिवईची. फोकसला हात लावला की चित्र तीन-चार सेकंद थरथरतं. तिवईच्या पायांमध्ये विटांची पिशवी टांगल्यावर निम्मं कमी झालं. पुढच्या महिन्यात लाकडी पाय करून घेणार आहे. नवी दुर्बीण घ्यायचा विचार सोडला. ज्यांनी भिंग साफ केल्यावर दुर्बीण बिघडली म्हणून ठेवून दिली असेल, त्यांनी आधी ते कडं बघा.