मुंबई विद्यापीठाचा फोर्ट कॅम्पस: सुरुवात टाउन हॉलपासून करा

विद्यापीठ स्थापन झाले १८ जुलै १८५७ रोजी, पण फोर्ट कॅम्पसमधल्या दोन्ही देखण्या इमारती, दीक्षान्त सभागृह आणि मनोऱ्यासह ग्रंथालय, त्यानंतरच्या. १८७४ पर्यंत कारभार टाउन हॉलमधूनच चालला. म्हणून आधी टाउन हॉलच्या, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांपाशी जावे आणि तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांत कॅम्पस गाठावा. हा क्रम चुकला की इतिहासही उलटा कळतो.

जुन्या इमारतींत वर्गखोल्या शोधू नयेत. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर हे विद्यापीठ तेव्हा फक्त परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचे. परीक्षा कडक होत्या. १८५९च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ जण बसले, २२ पास झाले. १८६२ साली पहिले बी.ए. झाले ते चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. महाराष्ट्राच्या पुढच्या अर्धशतकाचा विचार करता केवढी कमाई ही!

इमारतींना पैसा आला तो कापसाच्या तेजीच्या काळातल्या दानशूरांकडून. कावसजी जहांगीर रेडीमनींनी दीक्षान्त सभागृहासाठी १ लाख दिले. प्रेमचंद रायचंदांनी ग्रंथालयासाठी २ लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव आहे. आराखडे इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते मुंबईत कधी आलेच नाहीत, तरी उघडे सज्जे आणि गोल जिने इथल्या हवेला शोभतात.

सभागृह १८७४चे. बारा राशींची गोल रंगीत खिडकी आतूनच बघावी, बाहेरून तिचे रंग कळत नाहीत. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. उंची २८० फूट. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी फोटो काळपट येतात. दुपारी चारनंतर ओव्हल मैदानातून घ्यावेत. कोपऱ्यांतल्या, पश्चिम भारतातल्या जातीजमातींच्या मूर्ती फार उंचावर आहेत, दुर्बीण हवीच.

उणीव एकच, पण मोठी: टॉवरवर चढता येत नाही. सभागृह आणि ग्रंथालय आतून बघायचे असेल तर परवानगीची चौकशी आधी करावी, नुसते फाटकाशी जाऊन उभे राहू नये. दोन तास हाताशी ठेवावेत. पाचपैकी चार तारे.