सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत पालकांना मिळणारे स्थान: एका पालकाचा अभिप्राय

सोलापूरच्या पूर्व भागातील ज्या अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेत माझी मुलगी पाचवीपासून शिकत आली आणि आता दहावीत आहे, त्या शाळेविषयी हा अभिप्राय आहे. निकालाची टक्केवारी, मैदान आणि इमारत यांची माहिती प्रवेशाच्या वेळी कोणीही आनंदाने देते. आठवी, नववी, दहावीच्या वर्षांत पालकाला त्या शाळेत नेमके काय करता येते, हे मात्र प्रवेश झाल्यावरच कळते. म्हणून लिहिणार आहे ते फक्त तेवढ्याविषयी. काही त्रुटीही सांगायच्या असल्याने शाळेचे नाव देत नाही.

या शाळेत येणारा पालकवर्ग कोणता, हे आधी सांगायला हवे. निम्म्याहून अधिक घरांत यंत्रमागाची किंवा विडीची कमाई आहे आणि बऱ्याच घरांत तेलुगू बोलली जाते. पाळीवर असलेला बाप आणि सकाळी विड्या देऊन पाला-तंबाखू घेऊन परतणारी आई, या दोघांनाही शनिवारी सकाळी अकराची पालकसभा सोयीची नसते. शाळेची सभा मात्र अनेक वर्षे त्याच वेळी होत असे आणि मग व्यासपीठावरून ‘पालक उदासीन आहेत’ अशी तक्रार ऐकायला मिळे, तीही वेळात वेळ काढून आलेल्या पालकांनाच. गेल्या वर्षापासून शाळेने प्रत्येक सभा दोनदा घेण्यास सुरुवात केली आहे, एकदा शनिवारी सकाळी आणि एकदा रविवारी सायंकाळी. रविवारच्या सभेत एक शिक्षिका महत्त्वाचे मुद्दे तेलुगूत पुन्हा सांगतात. या एका बदलाने जे साधले, ते आधीच्या कितीही आवाहनांनी साधले नव्हते. रविवारी बाकांवर प्रथमच मोठ्या संख्येने आया दिसू लागल्या. शहराबाहेर, कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत राहायला गेलेल्या कुटुंबांना मात्र सायंकाळची सभा आटोपून परतणे अवघड जाते. त्यांच्यासाठी शाळेकडे अद्याप काही तोड नाही.

सभेत काय होते, हा पुढचा प्रश्न. पहिला अर्धा तास स्वागत, सत्कार आणि मुख्याध्यापकांचे मनोगत यांत जातो, आणि तो जाणारच हे गृहीत धरून पालक उशिरा येतात. खरे काम त्यानंतर वर्गावर्गांत होते. चाचणीनंतर उत्तरपत्रिका पालकांसमोर ठेवल्या जातात, वर्गशिक्षक हजेरीपट उघडून गैरहजेरीचे दिवस दाखवतात आणि त्या वेळी विद्यार्थ्यालाही शेजारी बसवले जाते. मुलाच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोलायचे नाही, हा या शाळेचा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आईवडील शाळेत आलेले मुळातच आवडत नाही आणि त्यातून ते गुपचूप तक्रारी ऐकून गेले, तर घरी संवादच बंद होतो.

दहावीच्या पालकांसाठी शाळा आणखी एक गोष्ट करते आणि ती मी अन्यत्र पाहिलेली नाही. बोर्डाकडे जाणाऱ्या माहितीची प्री-लिस्ट शाळेत आली की, तिच्यावर केवळ विद्यार्थ्याची सही न घेता पालकांनाही बोलावून ती ओळ न् ओळ तपासून घेतली जाते. गेल्या वर्षी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची सदस्य म्हणून मी या कामाला मदतीस बसले होते. लिपिक प्रत्येक नावाखाली पट्टी धरून वाचत होते आणि समोर आधार कार्ड व जन्मदाखला ठेवलेला असे. पूर्व भागातील अनेक आडनावे इंग्रजीत एका कागदावर एका स्पेलिंगने, तर दुसऱ्या कागदावर दुसऱ्याच स्पेलिंगने लिहिलेली असतात. एक ताई बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, पोरीचं सगळं बरोबर हाय, पण माझंच नाव चुकलंय की.’’ गुणपत्रिकेवर आईचे नाव छापले जाते, त्यामुळे ही दुरुस्ती किरकोळ नव्हती. निकालानंतर तीच दुरुस्ती करायची म्हटली असती, तर अर्ज, पुरावे आणि खेटे यांत किती दिवस गेले असते, ते ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक.

अशीच दुसरी उपयोगी सभा आठवीच्या पालकांची असते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची जी एनएमएमएस शिष्यवृत्ती आहे, तिची परीक्षा आठवीत असते, उत्पन्नाची मर्यादा वार्षिक साडेतीन लाख रुपये आहे आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. विडी कामगाराच्या घरात ही रक्कम शिक्षण चालू राहील की थांबेल, हे ठरवू शकते. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा, हे शाळा जुलैतच सांगते. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाल्यानंतर शाळेने त्याचीही माहिती दिली: पसंतीक्रमात एक ते दहा महाविद्यालये भरता येतात आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, म्हणून पहिला क्रमांक विचारपूर्वक भरावा, हे फळ्यावर लिहून समजावले गेले.

अभ्यास घेता येत नाही, मग आम्ही शाळेत येऊन काय करणार, असे अनेक पालक विचारतात. बीजगणित शिकवता न येणे हा पालकाचा दोष नव्हे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये साधारण सहावी ते आठवीच्या वयोगटातील मुलांविषयीच्या ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. गृहपाठात मदत करण्यापेक्षा शिक्षणाचे मोल काय, पुढे काय करायचे आणि अभ्यास कसा आखायचा, यांविषयी मुलांशी होणाऱ्या बोलण्याचा त्यांच्या प्रगतीशी अधिक संबंध असल्याचे त्यांना आढळले. आमच्या शाळेत याचे एक चांगले उदाहरण घडले. चादरींच्या नक्ष्या काढणाऱ्या एका पालकांना भूमितीच्या तासाला बोलावले होते. त्यांनी आलेख कागदावर एक फूल चौकट मोजून काढले, त्यावरून जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेच्या, पुठ्ठ्याच्या कार्डांना कोठे भोके पडतात आणि माग त्याप्रमाणे कोणते धागे उचलतो, हे दाखवले. सममिती हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही. मुलांनीच तो वापरला. असा तास वर्षातून एकच का व्हावा, हे मला कळलेले नाही.

आता जे पटत नाही ते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि येथे ते प्रमाण कागदावर काटेकोर पाळले आहे. मात्र अनुदानित शाळेत या समितीचे काम सल्ला देण्यापुरतेच आहे, हे २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट असले, तरी सल्ला ऐकून घेण्याची तसदी तरी घ्यावी. विषयपत्रिका आदल्या रात्री येते आणि इतिवृत्तावर सह्या बैठक संपण्यापूर्वी घेतल्या जातात. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची निवड त्या मानाने स्वच्छ आहे. इच्छुक पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून ती सर्वांसमोर होते. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यातील ही सोडत पद्धत शाळेने अवलंबल्यामुळे संचालकांच्या ओळखीचीच नावे दरवर्षी येण्याचा प्रकार थांबला.

विद्यार्थ्यांच्या, विशेषतः मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीबाबत मी समाधानी नाही. राज्य शासनाने २०२२ मध्ये ही समिती प्रत्येक शाळेत स्थापन करण्यास सांगितले. आमच्याकडे तिचा फलक आहे, त्यावर नावे आहेत, तक्रारपेटीही आहे, परंतु ती कोण आणि केव्हा उघडते याचे उत्तर तीन जणांकडून तीन प्रकारे मिळाले. वयात येणाऱ्या मुली जेथे शिकतात, त्या शाळेत याला सबब चालत नाही. शालेय परिवहन समितीची अवस्था त्याहून वाईट आहे. रिक्षा हा पालकांचा खासगी प्रश्न आहे, असे सांगून विषय संपवला जातो.

व्हॉट्सअॅपवरचा वर्गगट फक्त अॅडमिनला लिहिता येईल असा ठेवलेला आहे. सुप्रभाताच्या संदेशांचा पूर पाहता हा निर्णय मला समजतो, पण शंका विचारायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. शिवाय गटात बहुतेक क्रमांक वडिलांचे आहेत. संदेश पाळीवर असलेल्या माणसाच्या फोनवर जातो आणि घरी असलेल्या आईला दुसऱ्या दिवशी समजतो. प्रवेश अर्जावर दोघांचेही क्रमांक घेतलेले असताना हे का होते, याचे उत्तर कार्यालयाकडे नाही.

जूनमध्ये मुलाचा प्रवेश घ्यायला जाणाऱ्यांनी कार्यालयात तीन गोष्टी विचाराव्यात: मागील वर्षीच्या पालकसभा कोणत्या वारी आणि किती वाजता झाल्या, बोर्डाच्या अंतर्गत २० गुणांचा तपशील पालकांना दाखवतात का आणि तक्रारपेटी कोणाच्या उपस्थितीत उघडतात. आमच्या शाळेकडून पहिल्याचे उत्तर आता चांगले मिळेल, दुसऱ्याचे ‘मागितल्यास दाखवतो’ असे मिळेल. तिसऱ्यासाठी आम्ही काही पालकांनी लेखी अर्ज दिला आहे. पेटी दर शनिवारी एका महिला पालक सदस्याच्या समक्ष उघडावी आणि त्याची नोंद वहीत ठेवावी, एवढीच त्यात मागणी आहे. अर्जाची पोच मिळाली असून विषय पुढील बैठकीच्या पत्रिकेवर घेण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे.