बिडाचा तवा : भाकरीला एक नंबर, डोशाला जरा थांबा

मधल्या मारुतीजवळच्या भांड्याच्या दुकानातून घेतला, दहा इंची, हँडलवाला. उचलून बघितला आणि जड लागला तोच घेतला, कारण हलकं बीड (म्हणजे ओतीव लोखंड) घेऊन उपयोग नाही. दुकानदार म्हणतो बीड उष्णता धरून ठेवतं, खरंय पण अर्धंच बरं का, किलोला किलो धरलं तर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट उष्णता घेतं, बिडाचा सगळा जोर त्याच्या जाडीत आणि वजनात. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी पुरते, पण उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४०! मग पातळ नॉनस्टिकवर भाकरी टाकून वरून पाणी फिरवलं की तवा गारच पडणार ना, हा पठ्ठ्या हलत नाही.

फुगते पण मस्त. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून आमच्याकडं पीठ गरम पाण्यात मळतात, त्यानं स्टार्च फुगून चिकट होतो आणि वाफ आत कोंडून राहते, आणि वाफेला पाण्यापेक्षा सोळाशे पट जागा लागते, मग पापुद्रा टम्म सुटणारच. मालदांडी ज्वारीचं पीठ असेल तर बघायलाच नको. कडक भाकरी पण मंद आचेवर छान वाळते, न करपता, सोबत शेंगा चटणी आणि दही, विषय संपला.

आता तक्रारी. तापायला लई वेळ घेतो, घाईच्या सकाळी डोकं फिरतं. बिडातून उष्णता सावकाश पसरते, त्यामुळं छोट्या बर्नरवर मोठी आच केली की मधे काळे डाग आणि कडा कच्च्या. हँडल पण सणसणीत तापतं, फडकं लागतंच. आणि 'सीझन केलेला', म्हणजे तेलाचा थर बसवून तयार, असं स्टिकर होतं ते नावालाच, पहिला डोसा खरवडून काढावा लागला. पातळ तेल पुसून धूर येईपर्यंत तापवायचा, गार करायचा, परत तेच, असं केल्यावर तेलाचा काळा घट्ट थर बसला, आता सुटतो, तरी डोशाला तीनच स्टार, भाकरीला साडेचार.

तापलेला तवा नळाखाली धरू नका हो, गार पडलेला भाग आकसतो, बाकीचा फुगलेलाच असतो, बीड ठिसूळ, तडकतं. घेताना बोटानं वाजवून बघा, बद्द आवाज आला तर दुसरा मागा.