‘पण लक्षात कोण घेतो’ वाचायची कशी? समीक्षापद्धतींची तुलना

मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्यांपुढे लघुशोधप्रबंधाच्या वेळी एक पेच हमखास येतो. कादंबरी ठरलेली असते, पण तिचे वाचन रूपवादी करायचे, स्त्रीवादी करायचे की समाजशास्त्रीय, हे ठरत नाही. वाचनकट्ट्यावर एखाद्या कथेवर बोलायचे असले तरी हाच प्रश्न येतो. पद्धतींच्या व्याख्या पाठ करून तो सुटत नाही. एकच कादंबरी घ्यावी, तिच्यातला एखादा प्रसंग धरावा आणि प्रत्येक पद्धत त्यातून काय बाहेर काढते ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे. इथे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ घेऊ या. यमूने स्वतः सांगितलेली तिची ही कहाणी ‘करमणूक’ साप्ताहिकातून 1890 ते 1893 या काळात क्रमशः आली. बालपण, लग्न, मुंबईतला थोडका सुखाचा काळ, नवरा रघुनाथरावांचा मृत्यू, सासरच्या शंकरमामंजींनी बळजबरीने घडवून आणलेले केशवपन (विधवेचे मुंडण) आणि यमूचा अंत, एवढा कथाभाग बहुतेकांना माहीत असतो. आपल्या तुलनेसाठी केशवपनाचा प्रसंग मध्यभागी ठेवू.

रूपवादी वाचक, म्हणजे कथा कशी सांगितली आहे तिकडे पाहणारा, आधी विचारतो, हे सांगतंय कोण आणि कधी? लहान यमूला जे कळत नव्हते ते मोठ्या यमूला कळलेले आहे, आणि वाक्यावाक्यातून या दोन वयांमधले अंतर जाणवत राहते. त्यामुळे घरातले साधे बोलणेही पुढच्या अनर्थाची सूचना होऊन बसते. केशवपनाचा प्रसंग एवढा भिडतो याचे श्रेय या प्रथमपुरुषी निवेदनाला द्यावे लागते. हीच घटना त्रयस्थ निवेदकाने सांगितली असती तर वाचकाला दया आली असती, पण आपल्याच डोक्यावरून वस्तरा फिरल्यासारखे वाटले नसते. कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकरांनी सांगितलेले संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम लावून पाहिले तर मुंबईचे मोकळे दिवस आणि त्यानंतरचे वैधव्य यांतला विरोध कादंबरीचा कणा म्हणून दिसू लागतो.

मात्र ही पद्धत एका ठिकाणी अडते. हरिभाऊंवर पाल्हाळाचा आक्षेप जुना आहे आणि रूपाकडे पाहणारा वाचक तो सहज मान्य करतो. ऐतिहासिक दृष्टीचा वाचक तिथे ‘करमणूक’कडे बोट दाखवतो. दर आठवड्याला एक हप्ता द्यायचा म्हटल्यावर लांबण आलीच. स्त्रीवादी वाचक याच्याही पुढे जातो. सासूचे टोमणे, सोवळेओवळे, माजघरातली कुजबुज हे सगळे कापून टाकले तर यमूचे आयुष्यच कापले जाते, कारण तिला जगायला तेवढीच जागा होती. पाल्हाळाच्या बाबतीत मला स्त्रीवादी उत्तर सर्वांत पटते. संहितेतला जो भाग दोष म्हणून बाजूला टाकला जात होता, त्याला ते अर्थ मिळवून देते.

तरी स्त्रीवादी वाचन म्हणजे स्त्रीच्या दुःखाची यादी, असा एक सोपा समज आहे आणि पुष्कळ प्रबंध तिथेच थांबतात. खरे काम त्यानंतर सुरू होते. ही स्त्रीची आत्मकथा एका पुरुषाने लिहिली आहे, आणि लिहायला घेतली तेव्हा त्याचे वय होते 26. यमूला लिहायला-वाचायला आणि मोकळे बोलायला मिळते ते रघुनाथरावांमुळे. नवरा गेला की ते सगळे एका फटक्यात जाते. म्हणजे ते स्वातंत्र्य तिचे नव्हतेच, चांगल्या नवऱ्याने ते दिलेले होते. ही सुधारणेची मर्यादा हरिभाऊंना दिसत होती, की आदर्श पतीच्या चित्रात त्यांचेही मन रमले होते? ताराबाई शिंद्यांनी 1882 सालीच ‘स्त्रीपुरुषतुलना’त पुरुषांना स्वतःच्या नावानिशी जाब विचारला होता. ते पुस्तक यमूच्या कहाणीशेजारी ठेवले की रागाचा आवाज आणि सोसण्याचा आवाज यांतला फरक लख्ख दिसतो.

ऐतिहासिक-समाजशास्त्रीय वाचनाला इथे सामग्रीची वाण नाही. बाबा पदमनजींच्या 1857 सालच्या ‘यमुनापर्यटन’ची नायिकाही यमुनाच. ती विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. तेहतीस वर्षांनंतरची यमुना हिंदू घरातच राहते आणि मरते. पुनर्विवाहाचा कायदा 1856 पासून होता, म्हणजे दार कायद्याने उघडे होते. मग ते तिच्यासाठी बंद का राहिले? लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला नुकताच गाजून गेला होता आणि मुलींशी शरीरसंबंधाचे किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्यावरून 1891 मध्ये पुण्यात रणे माजली होती. त्याच सुमारास ‘करमणूक’चे हप्ते घरोघरी वाचले जात होते. मार्क्सवादी वाचक यात पैशाचा प्रश्न आणतो. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हा पोटगीपलीकडे फारसा हक्क नव्हता, नवऱ्याच्या वाट्यात मर्यादित हक्क मिळाला तो 1937 च्या कायद्याने. शंकरमामंजींना नुसता खलनायक म्हणून सोडून देता येत नाही ते यामुळे. त्यांच्या धर्मनिष्ठेमागे घरावरची सत्ता आहे. धोका एवढाच की या पद्धतीत कादंबरी मागे पडते आणि प्रबंध एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासाचा होऊन जातो. दर दोन-तीन पानांनी संहितेतले वाक्य आले नाही तर आपण वाट चुकलो असे समजावे.

मानसशास्त्रीय पद्धत या कादंबरीसाठी निवडू नका. यमूच्या मनात जे चालते ते ती स्वतःच सांगते, दडलेले फार थोडे उरते. जी. ए. कुलकर्ण्यांच्या कथांना ही पद्धत कितीतरी जास्त देऊन जाते. ‘हरिभाऊ सुधारक होते म्हणून त्यांनी हे लिहिले’ हे चरित्रात्मक वाचन तर एका परिच्छेदात संपते.

माझा सर्वाधिक जीव आहे तो जातीच्या दृष्टीने होणाऱ्या वाचनात, कारण या कादंबरीच्या बाबतीत त्याला अजून पुष्कळ वाव आहे. शरद पाटलांचे जातीचा प्रश्न मध्यभागी ठेवणारे अब्राह्मणी सौंदर्यशास्त्र किंवा दलित साहित्याची समीक्षा म्हटले की विद्यार्थी दलित लेखकांच्या पुस्तकांकडे वळतात. ब्राह्मण घराच्या कादंबरीलाही हे प्रश्न विचारता येतात. वपनाच्या प्रसंगी आपली नजर यमूवर आणि शंकरमामंजींवर खिळते, वस्तरा धरणारा माणूस कडेलाच राहतो. कादंबरीचे हप्ते सुरू झाले त्याच 1890 साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. ज्या हातांना हे काम करावे लागे त्या हातांनीच नकार दिला, आणि यमूच्या जगात त्या नकाराची चाहूलही नाही. स्त्रीवादी वाचन यमूच्या जागी उभे राहून हा प्रसंग पाहते आणि जातीची दृष्टी खोलीच्या दारातून पाहते. दोन्हींत प्रसंग तोच असतो, पण दिसणारी माणसे वेगळी असतात.

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा घेतली तर हिशेब उलटतो. तिथे जात कथेच्या नावातच आहे, ती दृष्टी न घेता पुढे जाताच येत नाही. पण तेवढ्यावर थांबले की कथेतला युक्तिवादच फक्त पुन्हा सांगितला जातो. तिथे रूपवादी वाचन जोडीला हवे. जात लपवणाऱ्या माणसाच्या तोंडून कथा सांगितल्यामुळे वाचकही त्या गुपितात सामील होतो, आणि मार बसतो तेव्हा वाचकाला अलिप्त राहता येत नाही. कथा लहान असल्याने शब्दाशब्दावर थांबणे शक्य असते, कादंबरीत ते दमवणारे होते.

आता निवड. हाताशी दोन-तीन महिने असतील आणि जवळ फक्त कादंबरीची प्रत असेल, तर निवेदनाच्या अंगाने रूपवादी वाचन करा आणि त्यासाठी पाच-सहाच प्रकरणे निवडा. वर्ष हाताशी असेल तर स्त्रीवादी वाचन घ्या, पण ताराबाई शिंदे आणि रमाबाई रानड्यांच्या आठवणी सोबत वाचल्याखेरीज लिहायला बसू नका. ग्रंथालयात बसून ‘करमणूक’ आणि लोखंडे चालवत त्या ‘दीनबंधु’ पत्राचे जुने अंक चाळण्याची तयारी असेल, तर जातीच्या दृष्टीने वपनाचा प्रसंग उलगडा. दोन पद्धती एकत्र करायच्याच असतील तर स्त्रीवादी आणि जातीची दृष्टी यांची जोडी घ्या. त्या एकमेकींना प्रश्न विचारतात. चार पद्धतींची चार प्रकरणे असा आराखडा मार्गदर्शकांनी सुचवला, तर त्यांतल्या कोणत्या दोन प्रकरणांत वपनाच्या प्रसंगाचा अर्थ बदलतो ते आधी कागदावर लिहून त्यांना दाखवा आणि उरलेली दोन गाळण्याची परवानगी मागा.